भोजराजाचा डावखुरा गरुड

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत माझ्या हातून एक चूक झाली. चूक तशी बोटभर जागेतली. पण ती पाचशे निमंत्रणपत्रिकांवर छापून गेली. ती निस्तरता निस्तरता धारच्या भोजराजाशी माझी खरी ओळख झाली. तोवर हा राजा मला सिंहासनबत्तिशीतल्या पुतळ्यांमुळे आणि गंगू तेल्याच्या म्हणीमुळे माहीत होता, इतकेच. इतिहास हा माझा विषय असूनही त्यापलीकडे मला चार वाक्ये सांगता आली नसती, हे कबूल केलेले बरे.

माझे आजोळ देवासचे. चामुंडेच्या टेकडीखाली वसलेले हे गाव एके काळी एकाच वेळी दोन संस्थानांची राजधानी होते. तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंच्या वंशांत थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन राज्ये या एका गावात नांदली, आणि १९४८ साली दोन्ही मध्य भारतात विलीन झाली. आता देवास म्हटले की लोकांना नोटांचा छापखाना आठवतो. १९७४ साली सुरू झालेल्या या बँक नोट प्रेसला जोडून शाईचा कारखानाही आहे. त्या भिंतीआड काय चालते ते आम्हां मुलांना कधी दिसले नाही. पण माझे मामा खिशातल्या नोटा टेबलावर पसरून एक गंमत दाखवीत. दहाची चॉकलेटी, पन्नासची निळी, शंभरची जांभळट, दोनशेची पिवळी, पाचशेची करडी. रंग सगळे निराळे, पण अशोकस्तंभ प्रत्येकीवर तोच. मामांचे स्वतःचे स्क्रीन प्रिंटिंगचे छोटेसे दुकान आहे, त्यामुळे अशा गोष्टींकडे त्यांची नजर आधी जाते.

मे महिन्यात धारच्या एका मराठी मंडळाचे काम मामांकडे आले. मंडळाला वार्षिक समारंभासाठी बोधचिन्ह हवे होते, आणि ते भोजराजाच्या ताम्रपटावरील गरुडाचेच हवे होते. पत्रिकेवर ते लाल, व्यासपीठामागच्या निळ्या पडद्यावर पांढरे, झेंड्यावर सोनेरी आणि रबरी शिक्क्यासाठी निव्वळ रेषांत असावे, अशी मागणी होती. मामांनी हे काम माझ्याकडे सोपवले, कारण मला कोरलड्रॉ येते असा घरात समज होता.

ज्यांनी हे काम केलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. फोटो म्हणजे रंगीत ठिपक्यांची रांगोळी. तो मोठा केला की ठिपके फाकतात. व्हेक्टर चित्रात ठिपके नसतात. तिथे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या वक्ररेषा गणिताने साठवलेल्या असतात, त्यामुळे तेच चित्र पेनाच्या टोपणावर घ्या नाही तर पडद्यावर, रेष तशीच स्वच्छ राहते. आणि मुख्य म्हणजे रेषा वेगळी व रंग वेगळा. आकाराला हात न लावता रंग बदलता येतो. ही सोय असताना मी काय केले? प्रत्येक रंगासाठी चित्राची निराळी प्रत काढली. ‘गरुड लाल’, ‘गरुड पांढरा’, ‘गरुड सोनेरी नवा’, ‘गरुड अंतिम’, ‘गरुड अंतिम दोन’ अशा नऊ फाइली झाल्या. सापाची फणा नीट नाही असे मंडळाकडून कळले तेव्हा मी ती तीन फाइलींत सुधारली, उरलेल्या सहांत विसरलो. पत्रिकेवर तर कहरच केला. मजकूर एका बाजूला आणि गरुडाचे तोंड दुसऱ्या बाजूला दिसू लागले, म्हणून एक बटण दाबून मी गरुड आरशात उलटवावा तसा उलटवला.

पत्रिका धारला पोचल्या. मंडळाच्या कामात एक निवृत्त इतिहासशिक्षक होते. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. त्यांनी पत्रिका हातात घेतली आणि भोजराजाचा गरुड डावखुरा केव्हापासून झाला, असे शांतपणे विचारले. त्या ताम्रपटांवरचा गरुड माणसाच्या शरीराचा आणि पक्ष्याच्या तोंडाचा आहे. त्याच्या डाव्या हातात साप आहे आणि प्रहारासाठी उगारलेला हात उजवा आहे. माझ्या गरुडाने साप उजव्या हातात धरला होता आणि डावा उगारला होता. मामा काही बोलले नाहीत. पत्रिका पुन्हा छापून देतो एवढेच म्हणाले. कागदाचा आणि शाईचा खर्च कोणाच्या खिशातून जाणार हे मला कळत होते. रागावले असते तर बरे वाटले असते.

त्यानंतर आठ दिवस मी धारला मावशीकडे राहिलो आणि रोज सकाळी गुरुजींकडे जात होतो. त्यांनी ताम्रपटांची छापील छायाचित्रे माझ्यासमोर ठेवली आणि अट घातली, की या राजाचे चरित्र समजल्याशिवाय संगणकाला हात लावायचा नाही.

पहिल्याच दिवशी मला धक्का बसला. हा गरुड मुळात धारचा नव्हे! मान्यखेटचे, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातील मलखेडचे राष्ट्रकूट सम्राट आपल्या ताम्रपटांच्या मुद्रेवर गरुड वापरीत. माळव्यातले परमार हे आरंभी त्यांचे मांडलिक. भोजाचा आजा सीयक याच्या ९४९ सालच्या हरसोल ताम्रपटांत वर राष्ट्रकूट राजांची नावे आहेत. याच सीयकाने ९७२ साली मान्यखेट लुटले. त्या लुटीच्या दिवसांत धारेत बसून धनपाल नावाचा कवी आपल्या धाकट्या बहिणीसाठी, सुंदरीसाठी, प्राकृत शब्दकोश लिहीत होता. त्या कोशातच त्याने लुटीची आठवण नोंदवून ठेवली आहे. सीयकाचा मुलगा मुंज याने पुढे पृथ्वीवल्लभ, अमोघवर्ष अशी राष्ट्रकूटांची बिरुदेच उचलली. गरुडही त्यांच्याकडूनच आला असे इतिहासकार मानतात. हे मी आपल्या कन्नड विभागाच्या संपादक मित्राला फोनवर सांगितले तेव्हा तो मनापासून हसला, आणि सौंदत्तीच्या रट्टांचे बिरुद ठाऊक आहे का, असे त्याने विचारले. मला ठाऊक नव्हते. रट्ट स्वतःला सुवर्णगरुडध्वज म्हणवीत, आणि कोल्हापूरचे शिलाहारही. म्हणजे एकच पक्षी मलखेडहून निघाला. धारेत तांब्यावर उमटला, आणि आपल्या या भागात झेंड्यावर सोन्याचा झाला. माझ्या नऊ फाइलींपेक्षा ही वंशावळ पुष्कळच नेटकी होती.

मुंज शूर आणि रसिक, पण त्याचा शेवट वाईट झाला. कल्याणीच्या चालुक्यांचा मूळ पुरुष तैलप याच्यावर तो चालून गेला, गोदावरी ओलांडून पुढे आला आणि पकडला गेला. तैलपाने त्याला ठार मारले. ‘भोजप्रबंधा’त असे सांगतात, की मुंजाने लहानग्या भोजाला मारण्याची आज्ञा दिली होती आणि पुढे पश्चात्ताप पावून त्याला गादीवर बसवले. कथा हृदयस्पर्शी आहे, पण ती भोजानंतर कित्येक शतकांनी लिहिली गेली, आणि मुंजानंतर गादीवर आला तो भोज नव्हे, भोजाचा बाप सिंधुराज. त्याच पुस्तकात कालिदासही भोजाच्या दरबारात येतो. यावरून काय ते समजावे.

भोज गादीवर आला तो १०१० च्या सुमारास. परमारांची जुनी राजधानी उज्जैन. धारेला खरे वैभव आले ते भोजामुळे. चुलत्याचा वध त्याच्या मनात सलत असणारच. चालुक्यांशी त्याचे वैर जन्मभर चालले, आणि त्या वैराची रणभूमी बहुतेक आपला महाराष्ट्र आणि कर्नाटक हीच होती. १०२० साली त्याने कोकण घेतले. त्या वर्षाची दोन दानपत्रे मिळाली आहेत. जानेवारीतले बांसवाड्याचे कोकणविजयाच्या निमित्ताने दिलेले आहे, आणि सप्टेंबरातले बेटम्याचे, कोकण ताब्यात आले त्या निमित्ताने. बेटमा म्हणजे इंदूरहून धारला जाताना वाटेत लागते तेच गाव. आमची बस तिथे चहाला थांबली होती.

गुरुजींनी ही दोन्ही पाने माझ्यासमोर शेजारी शेजारी ठेवली. दान घेणारे निराळे, गाव निराळे, तिथी निराळी. मात्र राजांची वंशावळ, आयुष्य क्षणभंगुर असल्याचे सांगणारे श्लोक, पुढच्या राजांनी हे दान पाळावे अशी विनवणी, आणि शेवटी राजाची सही, हा साचा ठरलेला. आणि गरुड ठरलेला. कोरणाऱ्याचा हात बदलला की पंखाची रेघ थोडी बदलते, चोच थोडी लांबते. पण डाव्या हातातला साप उजव्या हातात जात नाही. ज्या शेतकऱ्याला अक्षर वाचता येत नव्हते, त्यालाही हे पत्र धारच्या राजाचे आहे हे त्या पक्ष्यावरून कळत असले पाहिजे. खोटे दानपत्र ओळखायचे तर बारकावे असेच पाहावे लागतात. माझी पत्रिका अकराव्या शतकात गेली असती तर बनावट म्हणून माझा हात कलम झाला असता, असे गुरुजी मिस्किलपणे म्हणाले. मी हसलो, पण अर्धेच.

कोकण भोजाच्या हाती फार दिवस राहिले नाही. चालुक्य राजा जयसिंह याच्या १०२४ च्या मिरज ताम्रपटात सप्तकोकणच्या अधिपतींचे धन हरण करून तो कोल्हापूरजवळ तळ देऊन असल्याचे म्हटले आहे. मिरज आणि कोल्हापूर आपल्या दाराशी. पण ही लढाई धारच्या राजाशीही लागून होती, हे मला धारला जाऊन कळावे याची थोडी शरम वाटली. जयसिंहाचा मुलगा सोमेश्वर आहवमल्ल याने तर पुढे खुद्द धारेवर स्वारी केली. भोजाला राजधानी सोडून जावे लागले, शहर लुटले गेले. कलबुर्गी जिल्ह्यातील नागाई येथील १०५८ च्या लेखात या पराक्रमाची फुशारकी आहे. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी मान्यखेटचे जे झाले तेच धारेचे झाले. भोज परत आला, नगर पुन्हा उभे राहिले आणि तो पुन्हा ग्रंथांकडे वळला.

ग्रंथ किती म्हणून सांगावेत? व्याकरणावर ‘सरस्वतीकंठाभरण’ आणि त्याच नावाचा अलंकारशास्त्रावरचा दुसरा ग्रंथ, छत्तीस प्रकरणांचा ‘शृंगारप्रकाश’, योगसूत्रांवर ‘राजमार्तंड’, ज्योतिषावर ‘राजमृगांक’, शिवाय ‘चंपूरामायण’. हे सारे एका माणसाने, तेही आयुष्यभर घोड्यावर बसलेल्या माणसाने लिहिले असेल का, ही शंका पंडितांनी घेतली आहे, आणि दरबारातील विद्वानांचा हात त्यात असावा असे मलाही वाटते. पण ज्या राजाच्या नावावर असे ग्रंथ खपावेत, त्या राजाला त्यांची गोडी असल्याखेरीज ते होत नाही.

यांपैकी दोन ग्रंथांनी माझे काम केले. पहिला ‘समरांगणसूत्रधार’. वास्तुशास्त्रावरचा हा त्र्याऐंशी अध्यायांचा ग्रंथ गणपतिशास्त्र्यांनी संपादून बडोद्याहून १९२४-२५ साली प्रसिद्ध केला. त्यात चित्रकलेची आठ अंगे सांगितली आहेत. कुंचला-कांडी, भूमी तयार करणे अशा क्रमाने जाता जाता रेखाकर्म येते, आणि त्यानंतर वर्णकर्म, म्हणजे रंगकाम, वेगळे येते. रेघ आधी, रंग मागून! मी नेमके उलट केले होते. रंग ठरवीत गेलो आणि प्रत्येक रंगासाठी रेघ नव्याने बिघडवीत गेलो. दुसरा ग्रंथ भोजाच्या नावावर असलेला ‘युक्तिकल्पतरू’. त्यात जहाजांचे रंग सांगितले आहेत: चार डोलकाठ्यांचे जहाज पांढरे, तिनांचे तांबडे, दोहोंचे पिवळे, एकीचे निळे. म्हणजे रंग हौसेचा नव्हे, तो काही तरी सांगण्यासाठी असतो. कोणत्या जागी कोणता रंग, हे आधी लिहून ठेवायचे.

भोपाळजवळ भोजपूरला त्याच्या नावाचे प्रचंड शिवमंदिर अपुरे राहिले आहे. आजूबाजूच्या खडकांवर त्या मंदिराचे आराखडे, खांब, शिखराच्या नक्षीच्या रेघा कोरलेल्या अजून दिसतात. रंग नाही, छाया नाही, फक्त रेघ. पाथरवटाने खडकावर बघायचे आणि दगड घडवायचा. मी ते प्रत्यक्ष पाहिलेले नाही, छायाचित्रेच पाहिली. पण पाहताना आमच्या संगणकाच्या पडद्यावरचे रंग काढून टाकलेले चित्र डोळ्यांपुढे आले. कोरलड्रॉमध्ये सगळे रंग लपवून नुसत्या रेघा दाखवण्याची सोय आहे. ती सोय कशासाठी आहे हे मला त्या दिवशी समजले.

देवासला परतल्यावर नवीही फाइली मी पुसून टाकल्या. मामांसमोर पुसल्या. छायाचित्रावरून गरुड एकदाच, नीट काढला. त्याचे भाग पाडले: देह, पंख, साप, डोळा. प्रत्येक भागाला थेट रंग न देता नावाचा रंग दिला. कोरलड्रॉमध्ये याला कलर स्टाइल म्हणतात, इलस्ट्रेटरमध्ये ग्लोबल स्वॉच. ‘मुख्य रंग’ या नावाचा लाल बदलून सोनेरी केला की जिथे जिथे तो नावाने वापरला आहे तिथे तिथे सोनेरी होतो, आणि रेघेला धक्का लागत नाही. एकाच फाइलीत पाने चार केली, प्रत्येकावर तोच गरुड. फणा सुधारायची तर ती मूळ चित्रात, आणि मूळ चित्र एकच.

तरीही काही गोष्टी आपोआप होत नाहीत. निळ्यावर पांढरा करताना मी आधी रंग सरळ उलटे केले. डोळा फोटोच्या निगेटिव्हसारखा भयाण दिसू लागला. डोळा तेवढा हाताने पुन्हा करावा लागला. गडद कापडावर पांढरी रेघ आहे त्यापेक्षा जाड भासते, म्हणून ती केसभर बारीक करावी, हे मामांनी सांगितले. शिक्क्यासाठी पिसांच्या बारीक रेघा काढून टाकल्या, नाही तर शाई भरून गरुडाचा गोळा झाला असता. सोनेरी तर पडद्यावर दिसतच नाही. संगणक दाखवतो तो मोहरीसारखा पिवळा. खरे सोनेरी शाईच्या डब्यात असते. मामांनी झेंड्याच्या कापडाच्या तुकड्यावर तो रंग ओढून दाखवला तेव्हा मला सौंदत्तीच्या रट्टांची आठवण झाली.

भोजाचा अंतकाळ सुखाचा नव्हता. पूर्वेकडून कलचुरी कर्ण आणि पश्चिमेकडून गुजरातचा चौलुक्य भीम असे दोघे मिळून त्याच्यावर चालून आले. त्याच धामधुमीत १०५५ च्या सुमारास आजारपणात तो गेला. धारेवर शत्रूचा अंमल बसला. आणि इतिहासाची गंमत पाहा, भोजाचा वारस जयसिंह याला गादी मिळवून देण्यास धावले ते कल्याणीचे चालुक्य, म्हणजे मुंजाला मारणाऱ्यांचे आणि धारा लुटणाऱ्यांचे घराणे. परमारांच्या ताम्रपटांवर गरुड मात्र पुढेही येत राहिला. पुढच्या उदयादित्य आणि नरवर्मा यांच्या काळात धारेत आणि उज्जैनच्या महाकालाच्या देवळात नागाच्या वेटोळ्यांत वर्णमाला कोरली गेली, आणि राजाची तलवार वर्णांच्या रक्षणासाठी आहे असा श्लेष तिथे साधला आहे. वर्ण म्हणजे अक्षर, वर्ण म्हणजे समाजातले वर्ण. वर्ण म्हणजे रंगही, ही भर माझी. गुरुजींनी ती चालवून घेतली.

त्यांनी मला आणखी एक वस्तू दाखवली. धार संस्थानाने १८९७ पासून १९०१ पर्यंत स्वतःची टपाल तिकिटे काढली होती. पहिल्या संचात छपाईची शाई एकच, काळी. किंमत कळावी म्हणून कागद मात्र तांबडा, नारिंगी, किरमिजी, हिरवा, पिवळा. शाई न बदलता रंग बदलण्याची ही युक्ती मामांना इतकी आवडली की रबरी शिक्का रंगीत कागदांवर उठवून त्यांनी मंडळाला पाच प्रकारची प्रवेशपत्रे फुकट करून दिली.

समारंभाच्या दिवशी निळ्या पडद्यावर पांढरा गरुड होता, दारावर सोनेरी, नव्या पत्रिकेवर लाल. गुरुजी पहिल्या रांगेत बसले होते. त्यांनी चष्मा पुसून पडद्याकडे पाहिले, मग स्वतःचा उजवा हात किंचित उचलून तपासला आणि खाली ठेवला. जुन्या पत्रिकांचे गठ्ठे अजून मामांच्या माळ्यावर आहेत. त्यांच्या कोऱ्या पाठीवर मामी किराण्याची यादी लिहितात.